केस उपटणारी मादी

सावली तालुक्यातल्या आमच्या गावात घरामागे सशांचे पिंजरे आहेत. नवरा कामाला बाहेरगावी, त्यामुळे सगळं मीच बघते. त्यात एक पांढरी मादी होती, एका कानावर राखाडी डाग असलेली. तिची आठवण निघाली की आजही माझं डोकं फिरतं, आणि फिरलंच पाहिजे. मे महिन्यात आमच्याकडे पिंजऱ्यांवर ओलं बारदान टाकलं तरी बाकीच्या माद्या पिल्लांकडे पाठ फिरवायच्या. ही नाही. स्वतःची आठ पाजायची, वर दुसरीनं टाकलेली दोन तिच्या विण्याच्या पेटीत ठेवली तर तीही पाजायची. आमचे निम्मे ससे तिच्याच वंशाचे.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मला दोन दिवस चंद्रपूरला जावं लागलं. मादीचे दिवस भरलेले. विण्याआधी मादी छातीचे, पोटाचे केस दातांनी उपटते आणि पिल्लांसाठी गादी करते. माहीत नसलेल्याला वाटतं, खरूज झाली. आणि घरी राहणार होते माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, ज्यांनी पिंजऱ्यात कधी हात घातला नाही.

आमच्याकडे सून भासऱ्याशी तोंडावर बोलत नाही. सांगायचं ते दुसऱ्याला सांगायचं, त्यांच्या कानावर जाईल असं. मी पेटीत भाताची सुकी तणीस भरली आणि सासूला मोठ्यानं म्हटलं, "बाई, ते पांढरी आता केस उपटन. बिमार नाई, व्यायले झाली हाये. कोणी हात नका लावू." सासू हो हो म्हणाली. भासरे ओट्यावर मोबाईल पाहत बसले होते. ऐकलं असेल असं धरून मी निघाले.

परत आले तर पिंजरा रिकामा. पेटीत तणशीवर पांढऱ्या केसांचा ढीग तसाच. नणदेचा नवरा अचानक आला होता, आणि जावयाला मटण नाही वाढलं तर भासऱ्यांचं नाक कापलं जातं. दोघं जेवायला बसले होते. मला पाहून भासरे सासूला म्हणाले, "खरूज झाली होती तिले. बाकीच्याईले लागली असती. म्हून तेच कापली, चांगल्या ठेवल्या." वर हे शहाणपण.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पदर सावरला नाही, काही नाही, सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"भाऊजी, पोट फाडल्यावर तर दिसलं असन ना?"

ताटातून मान वर न करता ते म्हणाले, "दिसलं. पन पावना बसला होता ना."

म्हणजे त्यांना कळलं होतं. कळूनही ते मला खरूज सांगत होते.

"किती होते?"

"मोजले नाई."

जावयानं वाटी पुढे केली, रस्सा पाहिजे होता. मी वाढला नाही. सासूनं उठून वाढला.

चार नातेवाईक जमले की घरात अजून त्या दिवसाची गोष्ट निघते. सून भासऱ्याच्या तोंडाला लागली, तेही जावई ताटावर असताना, असं सासू सांगते. सगळे माझ्याकडे बघतात. त्या दिवशी काय शिजलं होतं, हे आजपर्यंत एकानंही विचारलेलं नाही.