इतवारीची हरळी

इतवारीच्या झोपडीसमोर हातभर जागेत हरळी वाढलेली होती. तिला कोणाच्या शेळीनं तोंड लावलं की ही बाई दगड घेऊन आधी शेळीच्या मागं धावायची, आणि मग शेळीवाल्याच्या मागं. उन्हाळ्यात नाल्यात झिरा खणून पाणी आणावं लागे, तरी त्यातलं तांब्याभर त्या हरळीला. टोल्यातले, म्हणजे त्या वस्तीतले, लोक हसायचे. "गवताले कोन पानी घालते वं, इतवारे?"

"माह्या पाव्हन्यासाठी ठेवली आहे," ती म्हणायची.

पाहुणा कोण, ते मला ठाऊक होतं. मी त्याच्याच हाताखाली नोकरी करत होतो.

गोंडपिपरीच्या रस्त्यावर, जंगलाला लागून एका ठेकेदाराचा सागवानाचा डेपो होता. तिथं मी लाकडांवर हातोड्यानं शिक्के मारायचो. सगळे मुनशी म्हणायचे. डेपोचा कारभार गुणवंतराव नावाच्या मॅनेजरकडं. पांढरंशुभ्र धोतर, गोड आवाज, आणि पोटात नुसतं विष. लाकूड तोडायला आणि गाड्या भरायला जवळच्या गोंडांच्या टोल्यातून माणसं यायची. इतवारीचा नवरा सुकलू त्यांच्यातला पहिल्या नंबरचा कुऱ्हाडवाला. आणि हसायचा काय बापा! नाल्यापलीकडं ऐकू जायचं. जेवायला एकटा कधी बसला नाही. "भूक लागली गा, या!" अशी हाळी द्यायचा, आणि चार जणांना ओढून बसवल्याशिवाय घास उचलायचा नाही.

त्रेपन्न साली दिवाळीनंतर त्याची गाय व्याली. डेपोमागच्या पडीत जे गवत उभ्याउभ्या वाळून जात होतं, त्यातला एक भारा त्यानं कापला. गुणवंतरावानं पाहिलं. बस्स. डेपोच्या अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली सगळ्या मजुरांना गोळा केलं, पायाजवळची हरळी मुळासकट उपटली आणि सुकलूपुढं धरली.

"दातात धर. गवत चोरतोस काय? मग ढोरासारखा शरण ये. नाहीतर उद्यापासून तुमच्या टोल्याचा एकही माणूस कामाला नको मला."

आमच्याकडं दातात गवत धरणं ही थट्टा नव्हे. त्याचा अर्थ, मी तुझं ढोर, मारू नको. मग ज्याच्यापुढं धरलं त्यानं 'टाक' म्हणायचं, तेव्हा सुटका. सुकलूनं टोल्याकडं पाहून गुडघे टेकले आणि गवत दातात धरलं. गुणवंतराव 'टाक' म्हणालाच नाही. आत गेला, जेवला, झोपला. आणि हा वाघासारखा माणूस दिवे लागेपर्यंत तसाच, तोंडात माती आणि मुळ्या घेऊन.

मधे कोणीतरी फिसकन हसलं होतं. लपवून काय करू, तो मीच होतो. मी हसलो तसे बाकीचे हसले. साहेबाचा माणूस हसतो आहे म्हटल्यावर काय!

शेवटी इतवारी आली. नवऱ्याच्या दातांतून तिनं ती हरळी सोडवली, पदरात बांधली, घरी नेली आणि दारात लावली. हरळी मोठी चिवट, जगली.

सुकलू मात्र मेल्यातच जमा. कामाला यायचा, पण भिंतीकडं तोंड करून जेवायचा. हसणं गेलं. 'भूक लागली' हे शब्द तर त्याच्या तोंडून तीन वर्षं निघाले नाहीत. इतवारी थाळी सरकवायची आणि बाहेर जाऊन बसायची. "तो उपाशी नाई राहत मुनशीभाऊ," मला एकदा म्हणाली, "पन जेवतही नाई. मले माहा मानूस परत पाहिजे. अन् ज्यानं नेला त्याच्या दातातून पाहिजे."

आता उंदरांचं सांगतो.

गुणवंतरावाच्या मेहुण्यानं नागपूरच्या कुठल्याशा कॉलेजातून दोन गिनीपिग आणले होते, भाचीसाठी. मांजरीच्या पिलाएवढे, बिनशेपटीचे विलायती उंदीर. औषधं म्हणे आधी यांना टोचून पाहतात. गुणवंतरावाची चंदा आठ वर्षांची, बिनआईची. बाप जगाला छळायचा, पण पोरीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. गिनीपिगांना दूधभात, बिस्किटं, शिरासुद्धा! वर्षभरात एक मेला. भरल्या ताटलीसमोर उपाशी मेला. दुसरा, त्याचं नाव साखऱ्या, त्याचीही तीच गत झाली. हनुवटी लाळेनं ओली, घास तोंडात घ्यायचा आणि बाहेर पडायचा. समोरचे दात वाढून विळ्यासारखे वाकले होते, तोंड मिटेना. गोंडपिपरीचा ढोरांचा डॉक्टर म्हणाला, "माझ्याकडं बैलाचं तोंड उघडायचं हत्यार आहे, याच्यात तर माझं बोट जात नाही." पोरीनं जेवण सोडलं.

मीच बोललो, "टोल्यातल्या इतवारीनं लहानपणी लंगडा ससा पाळला होता. त्याचे दात तिचा बाप कापायचा. तिला येतं."

"कोण इतवारी?" गुणवंतरावानं विचारलं.

ऐकलंत? कोण इतवारी! याच्या पायी एका घरातलं हसू मेलं, आणि याला नावसुद्धा आठवेना. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

इतवारी आली. साखऱ्याला मांडीवर घेऊन तिनं ओठ वर केला. "याचे दात रोज वाढते साहेब. गवत, काड्या कुरतडल्या का झिजते. तुमी त्याले बोळक्या म्हाताऱ्यावानी जेवू घातलं."

"मग काप आत्ता."

"आज नाई जमत. बुधवारी कापतो. डेपोच्या अंगनात, मोहाखाली. उजेड पाहिजे."

"तोवर मरेल तो!"

"मी नाई मरू देत," इतवारी म्हणाली, आणि ते मात्र तिनं पाळलं. रोज येऊन पेजेत आवळ्याचा रस पिळायची आणि कापडाच्या वातीनं थेंब थेंब त्याला चोखायला द्यायची. मुक्या जीवाशी तिचं वैर नव्हतं.

बुधवार हा आमचा बाजाराचा, मजुरी वाटायचा दिवस, हे माझ्या डोक्यात उशिरा शिरलं. त्या दिवशी डेपोत चाळीस गाड्या, सारा टोला, पोरंबाळं, बाया. इतवारी आली ती कमरेला लहान अडकित्ता, हातात हरळीची जुडी आणि डोक्यावर भाताचं गाठोडं घेऊन. मागं सुकलू, मान खाली. तिनं त्याला बरोबर मोहासमोर उभं केलं.

"साहेब, तुमीच धरा याले. तुमच्या अंगाची ओळख आहे त्याले. पोरगी नोको, चावला तर भेईल. गुडघ्यावर बसा. दोन्ही हातांनी धरा, हलला तर जीभ कापली जाईल."

गुणवंतराव बसला, धोतराची पर्वा न करता.

"आता त्याच्या नाकापुढं गवत पाहिजे. वास आला का तोंड उघडतो."

"मी धरतो गवत," मी पुढं झालो. मेली सवय!

"तुमी गप उभे राहा मुनशीभाऊ. त्या दिवशी लय मदत केली तुमी." अशी नजर टाकली तिनं की मी मागं सरलो. मग गोड आवाजात, "साहेब, तुमचे हात तर गुंतले. दातात धरा."

चंदा शेजारी मुसमुसत होती. गुणवंतरावानं पोरीकडं पाहिलं आणि तोंड उघडलं. इतवारीनं हरळीची जुडी त्याच्या दातांत दिली.

एकही माणूस हसला नाही. साखऱ्यानं नाक हलवलं, तोंड उघडलं. कट. वरचे. कट. खालचे. हात असा सफाईचा, की थेंबभर रक्त नाही. अडकित्ता पुसून तिनं कमरेला खोचला.

"झालं साहेब. पन हलू नोका. तो खाते का पाहू."

गुणवंतरावानं मान वर केली. समोर सुकलू. तेव्हा कुठं त्या माणसाला कळलं, की आपण कोणत्या झाडाखाली, कसे आणि कोणापुढं बसलो आहोत! चेहरा राखेसारखा झाला. ओरडावं तर तोंडात गवत, उठावं तर हातात पोरीचा जीव. आणि तेवढ्यात साखऱ्यानं त्याच्या दातांतली एक काडी ओढली आणि कुरतडायला लागला.

"बाबा, खातोय! हलू नका, अजिबात हलू नका!" चंदा टाळ्या पिटायला लागली.

इतवारी नवऱ्याजवळ जाऊन उभी राहिली. "ओळख ते गवत. तुह्याच दातातलं आहे. तीन वर्सं पानी घातलं. आता 'टाक' म्हनाचं का नाई, तू पाहा."

गुणवंतराव सुकलूकडं पाहत होता. डोळ्यांनी तो एक शब्द मागत होता. तसले डोळे मी एकदा पाहिले होते, आणि हसलो होतो. सुकलूनं पुष्कळ वेळ त्याच्याकडं पाहिलं. मग पाठ फिरवली.

"इतवारे," तो म्हणाला, "भूक लागली वं."

तेवढे एकदाच तिचे डोळे भरले. तिनं घाईघाईनं गाठोडं सोडलं. सुकलू मोहाखाली, सगळ्यांकडं तोंड करून, मांडी घालून बसला. "झिंगू, ये गा! बिरजू, तूही ये!" जुन्या आवाजात हाळी देऊ लागला. मला नाही बोलावलं. माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्यापलीकडच्या माणसाला बोलावलं. बरं केलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

"बाबा, संपत आलं सगळं. आता टाका ना ते," चंदा म्हणत होती.

गुणवंतराव तसाच गुडघ्यांवर होता, दातांत चार काड्या आणि नजर सुकलूवर. सुकलू इतवारीकडं आणखी भात मागत होता.