शब्दशःवाल्या कालिंदीताई

डिलाईल रोडवर झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक गाळा आहे. त्यावर पाटी आहे 'शब्दशः'. खाली बारीक अक्षरांत 'लवाद आणि कोर्टाच्या कामकाजाचे लेखन'. पाटी लागली त्याच आठवड्यात तिघेजण लग्नपत्रिका छापून घ्यायला आत शिरले आणि एक आजोबा भविष्य विचारायला. कालिंदी गमरेंनी सगळ्यांना पाणी दिलं आणि समजावलं, "आम्ही छापत नाही, काका. लोक बोलतात, ते आम्ही लिहून घेतो. शब्दाला शब्द."

"कोण लोक?"

"वकील."

"मग तुमचा धंदा बसायचा नाही," आजोबा म्हणाले. भविष्य विचारायला आलेला माणूस भविष्य सांगून गेला.

पुढची नऊ वर्षं ते खरं ठरलं. मग गेल्या जूनमध्ये ते खोटं ठरायची वेळ आली.

कालिंदीताई शॉर्टहँड शिकल्या लालबागला. क्लास मसाल्याच्या डंकावर, पोटमाळ्यावर. खाली मिरच्या कुटल्या जायच्या आणि वर पोरी शिंकायच्या. सर टेबलावर पट्टी आपटून ओरडायचे, "शिंका, पण पेन्सिल थांबता कामा नये! वकील तुमच्या नाकासाठी थांबणार आहे का?" एकोणिसाव्या वर्षी मिनिटाला एकशेवीस शब्द. चाळीत पेढे वाटताना वडील, म्हणजे कुशाबा, सगळ्यांना सांगत होते, "एकशेवीस! आपल्याला बोलता तरी येतात का एवढे?"

मग फोर्टात एका सॉलिसिटरकडे नोकरी. तिथली रीत अशी की साक्षीदार तासभर बोलायचा आणि न्यायाधीश त्याचं सार काढून स्टेनोला सांगायचे. रडत-अडखळत सांगितलेली हकिगत कागदावर पाऊण पान होऊन उतरायची. कालिंदीताईंना ते खुपायचं, पण विचारतो कोण? तेवढ्यात गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, टॉवरांत कंपन्या आल्या, आणि कंपन्यांची भांडणंही आली. त्यांना कोर्टात वर्षानुवर्षं ताटकळायचं नव्हतं. ते एसी खोली भाड्याने घेत, निवृत्त न्यायमूर्तींना लवाद म्हणून बसवत आणि तिथे भांडत. त्यांना सार नको होतं. शब्द न् शब्द हवा होता, तोही त्याच संध्याकाळी.

"प्रिती, हे काम वाढणार आहे," कालिंदीताई ऑफिसातल्या मैत्रिणीला म्हणाल्या. प्रिती लालबागची, मूळची मालवणकडची. ती म्हणाली, "ताई, माणसा भांडूची थांबली काय आपण खानावळ काढू." दोघींनी एकाच दिवशी राजीनामे दिले. आज 'शब्दशः'मध्ये सहा बायका आहेत.

तर, गेला जून. एका बिल्डरचं आणि क्रेन पुरवणाऱ्या कंपनीचं भांडण लवादापुढे लागलं होतं. साठ बैठका. एवढं मोठं काम 'शब्दशः'ला कधी मिळालं नव्हतं. बिल्डरच्या बाजूच्या वकिली फर्ममधला शंतनु कालिंदीताईंना चांगला ओळखत होता. त्यांचं निम्मं काम त्याच्याच फर्मकडून यायचं. तोच फोनवर चाचरत म्हणाला, "मॅडम, पर्सनल काही नाही हं. पण क्लायंटला कुणीतरी मशीन दाखवलंय. आपण बोललो की लगेच स्क्रीनवर. कोण बोललं त्याच्या नावासकट."

"आणि आम्ही?"

"सोमवारी दोन्ही ठेवू. तुम्ही पण, मशीन पण. संध्याकाळी लवादसाहेब दोन्ही रेकॉर्ड बघतील. दोन्ही बाजूंची संमती मिळेल त्याला पुढचं काम."

फोन ठेवून त्यांनी गाळ्यातल्या बायकांना सांगितलं. सगळ्यांना कळलं होतं. हे काम यंत्राकडे गेलं की शंतनुची फर्म गेली, ती गेली की बाकीच्या फर्म तिच्या मागोमाग. सहा बायकांनी घरी बसायचं.

सोमवारी सकाळी कुशाबा चहा घेत होते. वय एक्क्याऐंशी, आयुष्य गिरणीच्या रिंगखात्यात, सूत काढण्यात गेलेलं.

"यंत्र आलं म्हणतेस?"

"आलं, बाबा."

"वाईट आहे?"

"चांगलं आहे. तीच तर रड आहे."

कुशाबांनी बशी खाली ठेवली. "आमच्याकडे एका माणसाला मशिनाची एक बाजू सांभाळायला असायची. मालक म्हणाले, नवी मशिनं आली, आता दोन बाजू सांभाळा. आम्ही गेटावर बोंबललो, यंत्र वाईट, यंत्र वाईट. मालक हसले. कारण यंत्र वाईट नव्हतंच!"

"मग काय म्हणायचं होतं?"

"म्हणायचं होतं, सूत यंत्र काढतं, कबूल. पण धागा तुटला की सांधतो कोण? त्या बोटांचं काय देता ते बोला. हे आम्ही बोललोच नाही, पोरी." मग चहाचा घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "साखर नाही घातलीस?"

"डॉक्टरांनी बंद केलीय."

"डॉक्टरने रिंगखात्यात एक पाळी करावी, मग बोलावं."

लोअर परळला सतराव्या मजल्यावर खोली होती. टेबलाच्या मधोमध पापडाएवढी काळी चकती. तेच यंत्र. शेजारी यंत्रकंपनीचा राहुल, कडक इस्त्रीत. कुणी बोललं की भिंतीवरच्या स्क्रीनवर अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी धावायची. कोपऱ्यात कालिंदीताई, वही आणि टोक काढलेल्या सहा पेन्सिली.

खरं सांगायचं तर सकाळचं सत्र यंत्राने जिंकलं. बिल्डरचे सीनियर वकील असे बोलत, जणू खाली टॅक्सीचं मीटर चालू आहे. एका कागदपत्राचा क्रमांक कालिंदीताईंकडून निसटला. यंत्राने तो टिपला होता. त्या सरळ राहुलकडे गेल्या. "तुमच्याकडून घेतला हं हा नंबर. माझा सुटला."

राहुल गडबडला. असं कुणी कबूल करतं हे त्याला ठाऊक नसावं.

जेवणाच्या सुट्टीत शंतनुने त्यांना पाण्याच्या मशीनपाशी गाठलं. "मॅडम, एक सांगू? आमच्या सरांना मधे थांबवलेलं खपत नाही. तुमची ती हात वर करायची सवय... मशीन कुणाला थांबवत नाही ना. आज जरा सांभाळून. संमती आमचीही लागणार आहे."

"बरं," कालिंदीताई म्हणाल्या.

दुपारी साक्षीला दौलत उभा राहिला. बिल्डरच्या साइटवरचा सुपरवायझर, पन्नाशीचा, शर्टाचं वरचं बटण लावलेला. समोरच्या, क्रेन कंपनीच्या वकीलबाईंनी विचारलं, "क्रेनच्या तपासणी अहवालावर तुमची सही आहे. सही करण्याआधी तुम्ही तो वाचला होता का?"

सगळं भांडण या एका प्रश्नावर उभं होतं. वाचून सही केली असेल तर बिल्डर सुटला. न वाचता केली असेल तर अडकला.

दौलतने खाली पाहिलं. मग आपल्या वकिलांकडे पाहिलं. ओठ हलले नाहीत.

"हो, हो, वाचला होता!" सीनियर वकीलच बोलून गेले. "पान चाळीसवर आहे सगळं. पुढे चला."

"मी साक्षीदाराला विचारतेय!"

"तो तेच सांगतोय!"

"तुम्ही सांगताय!"

दोघं एकमेकांवर चढले. न्यायमूर्ती मान खाली घालून पान चाळीस शोधत होते. आणि स्क्रीनवर, त्या गलक्यातून, एक ओळ स्वच्छ उमटली. साक्षीदार: हो, वाचला होता.

कालिंदीताईंची पेन्सिल थांबली.

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. कुणीच स्क्रीनकडे पाहत नव्हतं. शंतनु मात्र पाहत होता, आणि मग तो त्यांच्याकडे पाहू लागला. त्याने अगदी थोडी मान हलवली. नको.

गप्प बसायला काय लागतं? आपल्या वहीत बरोबर लिहायचं आणि वही मिटायची. कुणी संध्याकाळी ताडून पाहिलंच तर पाहिलं. तोवर दौलत घरी गेलेला असेल, आणि न दिलेलं उत्तर त्याच्या नावावर कायमचं बसलेलं असेल. फोर्टातलं ते पाऊण पान त्यांना आठवलं. सहा बायका आठवल्या.

डावा हात वर गेला.

"साहेब, रेकॉर्डसाठी सांगते. साक्षीदाराने अजून उत्तर दिलेलं नाही."

न्यायमूर्तींनी पानांतून मान वर केली.

"उत्तर दिलेलं नाही?" सीनियर वकील उसळले. "स्क्रीनवर आहे की धडधडीत!"

"स्क्रीनवर आहे, सर. त्यांच्या तोंडून आलेलं नाही. तो आवाज तुमचा होता."

"बाई, तुमचं काम लिहिणं आहे!"

"तेच करतेय, सर. जे कुणी बोललंच नाही, ते मला लिहिता येत नाही."

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "वाचून दाखवा."

कालिंदीताई उभ्या राहिल्या आणि सपाट आवाजात, कुठेही जोर न देता, वाचू लागल्या. "प्रश्न: सही करण्याआधी तुम्ही तो वाचला होता का? साक्षीदार गप्प. खाली पाहतात. आपल्या वकिलांकडे पाहतात. वकील: हो, हो, वाचला होता. पान चाळीसवर आहे सगळं. पुढे चला. त्यानंतर दोन्ही वकील एकदम बोलतात. साक्षीदार गप्पच."

न्यायमूर्ती दौलतकडे वळले. "दौलतराव, आता तुम्ही सांगा. घाई नाही."

दौलतने वरचं बटण सोडलं. "नाही साहेब. नव्हता वाचला. कर म्हणाले सही, केली." मग हुश्श करून खुर्चीत बसला. परवानगी न घेताच.

शंतनुने फाइलीत तोंड घातलं. कालिंदीताईंनी शांतपणे ओळ लिहिली: साक्षीदार खाली बसतात.

संध्याकाळी दोन्ही रेकॉर्ड टेबलावर आले. न्यायमूर्तींनी यंत्राची पानं चाळली. "वेग विलक्षण आहे. खाली सही कुणाची?"

"सर, सिस्टीमने तयार केलंय," राहुल म्हणाला. "सहीची गरज नसते. अचूकता सत्त्याण्णव टक्के आहे."

"आज दुपारी माझा साक्षीदार उरलेल्या तिनांत होता."

सगळे हसले. राहुलचे कान लाल झाले. आता काम कुणाचं हे उघड होतं, आणि नेमकं तेव्हाच कालिंदीताई म्हणाल्या, "साहेब, यंत्र राहू द्या."

"काय?"

"चांगलं आहे ते. सकाळी माझा नंबर सुटला, त्याचा नाही सुटला. मला हवंय ते. कच्चं लिखाण त्याने करावं. पण खोलीत माझी बाई बसेल, तिला कुणालाही थांबवायचा हक्क असेल, आणि प्रत्येक पानाखाली तिची सही असेल. चुकलं तर ती जबाबदार." एक श्वास घेऊन त्या पुढे म्हणाल्या, "आणि दर आजचा नाही. लिहिण्याचा दर वेगळा, सहीचा वेगळा."

समोरच्या वकीलबाईंनी क्षणात हात वर केला. "आमची संमती आहे."

सगळे बिल्डरच्या सीनियर वकिलांकडे बघू लागले. ते पेनाचं टोपण लावत, काढत होते. "ही बाई आज माझ्या विरोधात गेली."

"विरोधात नाही, सर, मी..."

"बोलू द्या! थांबवायची सवयच लागलीय तुम्हाला." शंतनु हसू दाबत खोकला. सीनियर पुढे झुकले. "उद्यापासून यांचे साक्षीदार येतील. तेव्हा यांनी कुणाच्या तोंडात शब्द घातले, तर हा हात वर जाईल?"

"जाईल."

"नक्की?"

"आज तुमच्यावर गेला, सर. त्यांच्यावर जायला कितीसा वेळ?"

ते खदखदून हसले. "मग आमचीही संमती. त्या दरानेच."

लिफ्टमध्ये राहुल हळूच म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे दिल्लीची, बंगळूरची कामं पडून आहेत. प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न, सही कोण करणार? अशी पंधरा माणसं मिळतील तुमच्याकडे?"

"मिळत नाहीत. शॉर्टहँडचे क्लास बंद पडत चाललेत."

"मग?"

"मग तयार करायची. वर्षभर लागेल. कंपनीला विचारा, थांबायची तयारी आहे का. आणि लेखी द्या."

खाली उतरून त्यांनी प्रितीला फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला गेला.

"ताई, सांग बाई पटकन! गाशा गुंडाळूचो काय?"

"वरचा माळा रिकामा आहे ना? मालकाकडून किल्ली घेऊन ठेव."

"कशाक?"

"क्लास काढायचाय. आधी पंधरा पोरी. साठ बैठका आपल्याला मिळाल्या, प्रिती."

पलीकडे एवढा आरडाओरडा झाला की रस्त्यावरचा उसाचा रसवाला कालिंदीताईंकडे वळून पाहू लागला. फोन कानापासून लांब धरून त्या खो-खो हसत राहिल्या.

मंगळवारी सकाळी साडेदहाला सतराव्या मजल्यावर सगळे आपापल्या जागी बसले होते. काळी चकती चालू होती. कालिंदीताईंची खुर्ची आता कोपऱ्यात नव्हती. न्यायमूर्तींच्या सांगण्यावरून ती टेबलाच्या डोक्याशी, साक्षीदारासमोर आणली होती. सीनियर वकील उभे राहिले, घसा साफ केला, तोंड उघडलं आणि थबकले.

"काय बाई, सुरू करू का?"

कालिंदीताईंनी ग्लासात पाणी ओतून घेतलं. सावकाश प्यायल्या. वहीचं नवं पान उलटलं, वर तारीख घातली, पेन्सिलीचं टोक नखावर तपासलं. दोन बाजूंचे वकील, एक निवृत्त न्यायमूर्ती आणि एक यंत्र वाट पाहत होते.

"हं," त्या म्हणाल्या, "बोला."