सुतळीवरची वेल

गुडघ्याच्या व्यायामासाठी मी नाशिकच्या एका दवाखान्यात जायचो. तिथे एकदाच भेटलेल्या त्या बाईंचं नावही मी विचारलं नाही. त्या विंचूरकडच्या द्राक्ष बागायतदार. ट्रॅक्टर उलटून मणक्याला मार बसला, तेव्हापासून व्हीलचेअरवर होत्या. बोलताना त्यांची बोटं सारखी हवेत गाठ मारत होती.

त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. प्रयोगशाळेतल्या उंदराच्या तुटलेल्या मज्जारज्जूत मऊ धाग्यांचा पूल बसवला होता आणि मज्जातंतू त्याला धरून चक्क पलीकडे वाढत होते! बाईंनी खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"अहो, ही तर आमची सुतळी! कोवळ्या वेलीला वरून सुतळी बांधून द्यायची, ती बरोबर मांडवाच्या तारेपर्यंत चढती."

"माणसांसाठी अजून बरीच वर्षं लागतील," डॉक्टर जपून म्हणाले.

"लागू द्या की! पहिल्या वर्षी आम्ही तरी कुठं घड मागतो? वेल तारेला लागली, तरी लय झालं."

गुडघा विसरून मीच टाळ्या वाजवल्या. बाई मात्र खाली वाकल्या आणि आपल्या निपचित पायांना दटावून म्हणाल्या, "ऐकलं का रे दोघांनी? तोवर वाळायचं नाय."