वळणावरचे चिंध्यांचे गठ्ठे

हिलालभाऊ गेल्याचे त्यांच्या पत्नी विमलवहिनींनी मला फोनवर सांगितले, तेव्हा त्यांचा आवाज स्थिर होता. सकाळचा चहा घेऊन ते भेस्तानच्या घराच्या ओट्यावर बसले आणि बसल्या जागीच गेले. सुरतेतल्या लिंबायतच्या मराठी शाळेत आम्ही एका बाकावर शिकलो. पुढे मी त्याच शाळेत शिक्षक झालो आणि ते पलसाण्याच्या एका रंगाई कारखान्यात अग्निशमन पथकाचे प्रमुख झाले. ते जाऊन आता काही आठवडे झाले आहेत. म्हणून शांतपणे लिहिता येते.

कारखान्याजवळच्या मोकळ्या माळावर हिवाळ्यात मोटरसायकलींच्या शर्यती होत. तेथील सुरक्षेची जबाबदारी आयोजकांनी हिलालभाऊंकडे सोपवली होती. वळणावरच्या कठड्याचे काम गाडी अडवणे हे नसून तिचा वेग हळूहळू शोषून घेणे हे आहे, असे ते स्वयंसेवकांना समजावीत. प्रत्येक वळणावर ते दोन माणसे नेमत. आग लागली तर एकाने अग्निशामक सिलिंडर घेऊन धावायचे; दुसऱ्याने आगीकडे न पाहता, येणाऱ्या गाड्यांकडेच पाहत झेंडा दाखवायचा. माणसाची नजर आगीकडे ओढली जाते, म्हणून दुसऱ्याचे काम अधिक कठीण, असे त्यांचे मत होते.

एका वर्षी कठड्यांसाठी जुने टायर पुरेसे मिळेनात. तेव्हा हिलालभाऊंनीच सुचवले की, लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यांतून निघणाऱ्या चिंध्यांचे गठ्ठे वळणांवर रचावेत. सुरतेत चिंधीला काय तोटा? लिंबायतच्या मंडळींनी आनंदाने टेम्पो भरून गठ्ठे आणले. हिलालभाऊंचा भाचा गणेश त्या शर्यतीत उतरणार होता. त्याची आई सुमनताई स्वतः माळावर येऊन गठ्ठे दाबून पाहून गेल्या. गादीसारखे मऊ आहेत, म्हणाल्या.

शर्यतीच्या आदल्या दिवशी कारखान्यात असाच एक गठ्ठा ठिणगीने पेटला. या चिंध्या पॉलिस्टरच्या, आणि पॉलिस्टर जळताना वितळते. त्याचा थेंब एका कामगाराच्या तळहाताला चिकटला आणि निघेना... हिलालभाऊ तसेच माळावर गेले. पडलेल्या गाडीतून पेट्रोल सांडते, सायलेन्सर तापलेला असतो. त्यात ही चिंधी. सर्वांसमोर आपली चूक कबूल करीत ते अहिराणीत म्हणाले, "ती कल्पना मनी व्हती. चुकनू मी. काढा."

मंडळी दुखावली. टेम्पोवाल्या भटूने तर विचारले, "भाऊ, आमना गठ्ठास्ले काटा व्हतात का?" हिलालभाऊ स्वतः गठ्ठे ओढू लागले. त्या जागी मातीचा बांध घातला आणि त्यापुढे होते तेवढे टायर बांधले.

दुसऱ्या दिवशी गणेशची गाडी नेमकी त्याच वळणावर घसरली. टायरांची रांग अपुरी होती. तो बांधावर आदळला आणि त्याचे मनगट मोडले. आग लागली नाही. गठ्ठे असते तर मनगट वाचले असते, हे हिलालभाऊंनीही कधी नाकारले नाही. आग लागलीच असती, असेही ते म्हणाले नाहीत. त्यानंतरच्या भाऊबीजेला ते बहिणीकडे गेले. सुमनताईंनी चहा दिला. ओवाळणीचे ताट मात्र काढले नाही. पुढेही नाही. तरी हिलालभाऊंनी दरवर्षी जाणे सोडले नाही.

उत्तरकार्याच्या दिवशी भेस्तानच्या घरी पंगत उठल्यावर भटूने गठ्ठ्यांचा तो विषय काढला. माणूस सोन्यासारखा, पण त्या दिवशी उगाच घाबरला, असे त्याचे म्हणणे. गणेश पाणी वाढीत होता. त्याने तांब्या खाली ठेवला आणि पूर्ण न वळणारे मनगट भटूपुढे धरले.

"हात वाकडा शे, पन शे," तो म्हणाला. वाकडा आहे, पण आहे.

सुमनताई दाराशी उभ्या होत्या. तेथे भिंतीला हिलालभाऊंचा लाल अग्निशामक सिलिंडर टांगलेला आहे. त्याकडे पाहत त्यांनी मला विचारले, "गुरुजी, भाऊ याचं दर महिन्याला काय करायचा?"

मी सांगितले की, आतली पावडर तळाशी बसून घट्ट होते. ऐन वेळी ती बाहेर येत नाही. म्हणून सिलिंडर काढून उलटा करायचा, चांगला हलवायचा आणि परत लावायचा.

सुमनताईंनी पदर खोचला आणि तो जड सिलिंडर खाली उतरवला.