थोरल्याचा पाय

धाकटे मेस्त्री पन्नाशी उलटून गेले तरी धाकटेच राहिले. हिवाळ्याच्या तोंडावर थोरले मेस्त्री गेले, तेव्हापासून त्यांना धाकटं म्हणायला वर कुणी उरलं नव्हतं. पण गिऱ्हाइकांच्या तोंडी एकदा बसलेलं नाव सहजासहजी सुटत नाही.

त्यांच्या गॅरेजची एक खोड होती. सकाळी सुरू होताना कुरकुरणारी गाडी आणली, की ते बॉनेटला हातच लावायचे नाहीत. "रात्री मुक्कामाला ठेवा," म्हणायचे. गिऱ्हाईक चिडायचं. "अहो, गाडी आत्ता समोर उभी आहे की!" "आत्ता ती गरम आहे," मेस्त्री म्हणायचे, "आणि गरम इंजिन खोटं बोलतं." ते खरंच होतं. थंडीची कुरबुर सकाळच्या पहिल्या काही मिनिटांत दिसते. तेवढ्यात दिसली तर दिसली, नाहीतर दुसऱ्या दिवसापर्यंत बसा हात चोळत.

ज्यांनी जुन्या गाड्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगायला हवं. गार इंजिनाला हवाही जास्त लागते आणि पेट्रोलही. पण पायाखालचा पॅडल दाबला नसेल, तर हवेची मोठी वाट बंद असते. म्हणून हाताने ओढायचा चोक मागे पडल्यावर आणि सगळा कारभार कॉम्प्युटरच्या हाती जायच्या आधी, काही गाड्यांत बाजूने एक रबरी नळी काढलेली असायची. तिच्या वाटेत एक झडप, झडपेत मेणाची कुपी. गार असताना मेण आकसलेलं असतं, वाट उघडी राहते आणि इंजिन मोठ्याने, भरभर चालतं. इंजिनातलं पाणी तापलं की मेण फुगतं, वाट बुजते, आवाज हळूहळू खाली येतो. कुणाला काही करावं लागत नाही.

थोरल्यांच्या स्वतःच्या गाडीत मात्र हे कधी घडायचंच नाही. किल्ली फिरवली की इंजिन दोन आचके देऊन बंद. मग थोरले पॅडलवर पाय ठेवून बसायचे आणि इंजिन तापेल तसा पाय अलगद उचलायचे. रोज सकाळी अंगणातल्या शेडमध्ये हा कार्यक्रम चालायचा आणि शेजारच्या सीटवर चहाचा पेला धरून वहिनी. गिऱ्हाईकं टिंगल करायची, की मेस्त्र्याच्याच गाडीला कुबडी लागते. धाकटे लाजून म्हणायचे, "दादा, झडप अडकली आहे. अर्ध्या तासाचं काम आहे." थोरले डोळे वटारायचे. "माझ्या गाडीला हात लावलास तर हात मोडून ठेवीन."

थोरले गेल्यावर गाडी शेडमध्ये तशीच उभी राहिली. वहिनींना गाडी चालवता येत नव्हती. दोन्ही मुलं परगावी. अंगणाच्या अलीकडे धाकट्यांचं घर, पलीकडे वहिनींचं.

एका सकाळी धाकटे दात घासत असताना शेडमधून आवाज आला. इंजिन सुरू झालं, चढलं, आणि बंद पडलं नाही. मग अगदी सावकाश उतरायला लागलं. जिन्यावरून जपून उतरणाऱ्या माणसासारखं, एकेक पायरी.  हा पाय धाकटे ओळखत होते. आयुष्यभर ऐकला होता.

झडप सुटली असेल, असं त्यांनी मनाला बजावलं. पण मन ऐकेना. यंत्र आपोआप बिघडतं, आपोआप दुरुस्त झालेलं त्यांनी तरी पाहिलं नव्हतं. धाकट्यांची पाचावर धारण बसली. तो आवाज पुन्हा दुसऱ्या सकाळी आला, तिसऱ्या सकाळीही आला. अंगण ओलांडायचं धाडस त्यांना होईना. तिथे जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर कुणी दिसलं तर काय करायचं, आणि कुणी नाही दिसलं तर काय करायचं, या दोन्हींचं त्यांना भय वाटत होतं.

शेवटी गेले. शेडचं दार आतून ओढून घेतलेलं होतं. ढकललं, तर आतली हवा जड आणि कोंदट. वहिनी त्यांच्या नेहमीच्या सीटवर बसल्या होत्या. तिथूनच हात लांब करून त्यांनी किल्ली फिरवली होती. ड्रायव्हरची सीट रिकामी होती. थोरल्यांच्या वजनाने मधे दबलेली, तशीच.

"दार लावा, भावजी," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "वारा आला की ते जातात."

धाकट्यांना क्षणभर वाटलं, दार लावावं आणि मागच्या सीटवर जाऊन बसावं. दादा गेल्यापासून इतकं जवळचं काही त्यांना वाटलं नव्हतं. मग त्यांचं लक्ष वहिनींच्या चेहऱ्याकडे गेलं. गाल लालबुंद आणि डोळे अर्धे मिटलेले.

"डोकं जड होतं जरा," त्या म्हणाल्या. "तसं झालं की ते अगदी जवळ येतात."

 धाकट्यांनी किल्ली ओढून इंजिन बंद केलं आणि वहिनींना दंडाला धरून बाहेर अंगणात आणलं. "अहो, धूर आहे तो! वास न येणारं विष आहे त्यात. रोज अशा बसलात तर एक दिवस उठणारच नाही तुम्ही."

"मग?" वहिनी म्हणाल्या.

या एका शब्दाने धाकट्यांना भुताहून जास्त भीती वाटली. त्यांनी किल्ली खिशात घातली. वहिनी थंडपणे म्हणाल्या, "दुसरी आहे माझ्याकडे."

आता दुसरा उपाय नव्हता. धाकट्यांनी त्याच दिवशी झडप काढली आणि वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवली. "बघा, भोक उघडं आहे ना? आता यावर कढत पाणी ओततो." मेण फुगलं. भोक बारीक होत होत पार बुजलं. "गार पाण्यात ठेवली की परत उघडेल. एवढंच आहे हे, वहिनी. रोज सकाळी हेच होतं."

वहिनी बराच वेळ त्या भोकाकडे पाहत राहिल्या. "म्हणजे ते नव्हते."

"नव्हते," धाकटे म्हणाले, आणि भावाला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं त्यांना वाटलं.

वहिनींनी डोळे पुसले. मग एकदम विचारलं, "झडप एवढी चांगली होती, तर इतकी वर्षं गाडी बंद का पडायची?"

 भुताच्या धास्तीत हा प्रश्न धाकट्यांनी स्वतःला विचारलाच नव्हता. ते उठून शेडमध्ये गेले आणि नळी पाहिली. एका टोकाला नवीकोरी क्लिप होती आणि तिचा स्क्रू खालच्या बाजूला वळवलेला. ही थोरल्यांचीच सवय. नंतर काम करणाऱ्याची बोटं सोलून निघायची, त्यावरून दोघा भावांची कितीदा जुंपली होती! नळीच्या आत, वर्षानुवर्षं काहीतरी घट्ट बसलेलं असावं, असा गोल वळ होता. धाकट्यांना आठवलं, आजारपणात एका दुपारी दादा भिंतीला धरत धरत शेडमध्ये गेले होते. गाडीचा निरोप घेत असतील, म्हणून आपण मागे गेलो नाही.

"वहिनी, नळीत बूच मारलं होतं दादानं," त्यांनी परत येऊन सांगितलं. "मुद्दाम. आणि जायच्या आधी त्यानंच ते काढलं."

वहिनी आत गेल्या आणि मुठीत काहीतरी घेऊन आल्या. तेलाने काळं पडलेलं, अंगठ्याएवढं लाकडी बूच. "शेवटी शेवटी माझ्या हातात दिलं होतं. हे काय, म्हणून विचारलं, तर म्हणाले, माझा पाय. मला वाटलं, तापात बरळतायत."

वहिनींनी बूच पदराने पुसलं.

"तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं," वहिनी म्हणाल्या. "सासूसासरे, मुलं, तुम्ही. आम्हाला बोलायला जागा म्हणजे ती गाडी. आणि तीसुद्धा गरम होईपर्यंतच." त्या जराशा हसल्या. "लबाड माणूस. मला रोज सांगायचे, इंजिन म्हातारं झालंय, बस जरा."

धाकट्यांनी कपाळावर हात मारला. आपण मात्र उभं आयुष्य अर्ध्या तासाच्या कामाची फुशारकी मारत राहिलो.

वहिनींनी बूच टेबलावर ठेवलं. "हे परत बसवा, भावजी."

"कशाला? आता गाडी नीट चालतेय. तुम्हाला त्रास नको, म्हणूनच काढलं ना त्यानं?"

"माझ्यावाचून चालणारी गाडी मला नको," वहिनी म्हणाल्या. "बसवा."

धाकटे नाही म्हणणार होते. पण बूच हातात फिरवता फिरवता त्यांच्या ध्यानात आलं: हे बसवलं, तर गार इंजिन पायाशिवाय चालणार नाही. पॅडलवर पाय हवा, म्हणजे माणूस ड्रायव्हरच्या सीटवर हवा, आणि जागा हवा. डोळा लागला, पाय सुटला, की इंजिन आचके देऊन गप्प. वास न येणाऱ्या त्या धुरावर याहून मोठा पहारा त्यांना सुचला नसता.

त्यांनी बूच बसवलं. स्क्रू नेहमीसारखा वर न ठेवता खाली वळवला. शेडचं दार मात्र बिजागऱ्यांसकट काढून अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं. वहिनींनी त्यावर वाद घातला नाही.

दुसऱ्या सकाळी धाकटे खिडकीशी उभे राहिले. जीव टांगणीला लागला होता. किल्ली फिरली, इंजिन सुरू झालं आणि बंद पडलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा बंद. मग एकाएकी भलतंच गुरगुरलं, दचकून खाली आलं, परत चढलं. दादाच्या पायाचं त्यात काहीही नव्हतं. धड चढ नाही, धड उतार नाही. एखाद्या शिकाऊ गिऱ्हाइकाने केला असता, तर धाकट्यांनी त्याला खाली उतरवलं असतं, इतका वाईट आवाज होता तो. ते खिडकीशी उभं राहून तो शेवटपर्यंत ऐकत राहिले, आणि त्यांना रडू आवरेना.