गंगीला कुणी शेकलं नाही

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर मी नको तेही सांगत आलो. तुम्ही परके आहात म्हणून जमतंय — की लपवून ठेवायचं वयच आता राहिलं नाही?

पन्नास सालानंतरची गोष्ट. कुंभकोणमला आमची जटका होती. एका घोड्याची गाडी, स्टेशनावरून यात्रेकरूंना देवळांकडे न्यायची. गाडी अण्णाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. घोडी गंगी, तीही त्याचीच. शिंगरू असल्यापासून त्यानं वाढवलेली. अण्णा विषमज्वरानं पडला आणि गंगी महिनाभर तबेल्यात उभी राहिली.

उभ्या राहिलेल्या घोडीला एकदम जुंपत नाहीत. अण्णानं अंथरुणावरून बजावलं होतं, "हुलगे कमी घाल. रोज हातीं धरून फिरीव, मीठ तापवून अंग शेक. हे अस्कं, सगळं नीट झाल्यावर गाडी जुंप."

मी हो म्हणालो. आणि केलं काय? हुलगे पोटभर घातले, म्हणजे ती गप्प राहते. शेकायचा कंटाळा. आणि फिरवायची — सगळ्या गाडीवाल्यांच्या देखत, नवरीमागच्या करवलीसारखं घोडीच्या बाजूनं चालत? मला लाज वाटली. ऐन विशीत होतो. मला हातात लगाम हवा होता. अण्णाला मात्र रोज सांगायचो — फिरवली, शेकली.

महिन्यानं एका दुपारी तिला जुंपली, आणि तिरुविडैमरुदूरच्या देवळाला जाणारं एक बिऱ्हाड गाडीत घेऊन निघालो. गावाबाहेर चिंचेपाशी गंगी थांबली. पाऊल उचलेना. घामानं निथळत होती. मागच्या मांड्या हाताला लाकडासारख्या लागल्या, आणि कातडीखाली काहीतरी आपोआप थरथरत होतं. मग ती मुतली — काळपट लाल. गाडीतल्या बायका उतरून मागे सरल्या.

मला कळलं होतं. बसून राहिलेलं अंग, वर भरपेट खाणं, आणि एकदम ओझं. पण तोंडातून निघालं, "चिंचेवरचं काहीतरी दिसलं तिला."

का म्हणालो? सुचलं म्हणून.

माणसांनी ढकलत, ओढत तिला घरी आणली. वहिनीनं मीठ तव्यावर टाकलंही होतं. तेवढ्यात गल्लीतल्या देवळाचा पुजारी आला, चिंचेचं आणि लाल मुताचं ऐकून म्हणाला, हिला लागीर झालंय, कुणी हात लावायचा नाही. अण्णा भिंत धरून दारापर्यंत आला. त्याला पटत नव्हतं. त्यानं मलाच विचारलं, "तूं तिला रोज शेकलंस नव्हे?"

आता सांगता आलं असतं. आखडलेलं अंग आहे, भूत नाही, हे त्याला लगेच कळलं असतं.

"रोज," मी म्हणालो.

अण्णानं मान खाली घातली. वहिनीनं तवा उतरवला.

संध्याकाळपर्यंत गंगी अंगणात एकटी उभी होती. सगळे लांब. ती कण्हायची, मान वळवून आपल्या मांडीकडे बघायची, आणि मग एकाच दिशेला टक लावायची. गल्लीतले लोक कुजबुजले, बघा, तिला ते दिसतंय. तिथे मी उभा होतो. मी जागा बदलली. तिनं मान तिकडे वळवली.

"कुणाकडे बघते रे ती?" अण्णानं विचारलं.

"कुणाकडे नाही."

दिवेलागणीला ती खाली बसली आणि उठली नाही. अण्णाला मी त्याच्या शेवटापर्यंत सांगितलं नाही. गंगी गेली त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. मी जेवलो.