दवाखान्यापासून पंच्याहत्तर मीटर पूर्वेला

आमच्या सान होसे शहरात पत्ता सांगायचा तो खुणेवरून. खूण पडो, जळो, विकली जावो, पत्ता तोच राहतो. ओदिली ब्रेनेसचा पत्ता होता, ‘दवाखान्यापासून पंच्याहत्तर मीटर पूर्वेला, निळं दार.’ दवाखाना म्हणजे मूल होत नाही अशा बायकांचा. तो बंद होऊन एकोणीस वर्षं लोटली, तिथं चपलांचं दुकान थाटलं, तरी शाळेचे गणवेश शिवून घ्यायला येणारी प्रत्येक आई दवाखाना विचारतच तिच्या दारी यायची. म्हणजे जखमेवर रोज मीठ, आणि तेही गिऱ्हाइकाच्या हातून!

दवाखाना चालू होता तेव्हा ओदिली चौतीस वर्षांची होती. लग्नाला नऊ वर्षं झालेली, दोन्ही गर्भनळ्या बंद. डॉक्टर म्हणाले, अंडी बाहेर काढू, काचेच्या ताटलीत गर्भ धरू आणि परत आत ठेवू. त्यासाठी दहा दिवस पोटात इंजेक्शनं घ्यायची होती. तिचा नवरा एलादियो बस चालवायचा. पहिली फेरी धरण्याआधी तोच सुई टोचायचा, आणि टोचताना स्वतःच डोळे गच्च मिटायचा.

“अरे बाबा, डोळे मी मिटायचे, तू नाही!” ती ओरडायची.

“मग तुझं तू टोच, बाई. माझे हात बघ कसे लटपटतायत.”

दोघं हसायची. इतक्या सुखात ती पुन्हा कधी हसली नाहीत.

अंडी काढायला शुक्रवार ठरला होता. बुधवारी ती एका गणवेशाच्या चुण्यांना इस्त्री करत होती, तेवढ्यात रेडिओवर बातमी लागली. यात गर्भ वाया जातात, असं म्हणून न्यायाधीशांनी हा उपचारच देशात बंद केला होता. ओदिली सपाता घालून धावत सुटली. दवाखान्याच्या दारात नर्स उभी होती, रडून रडून डोळे लाल झालेली.

“परत जा, ओदिली. डॉक्टरांना आता हात लावायला मनाई आहे.”

“आणि हे?” ओदिलीनं फुगलेल्या पोटावर हात ठेवला. “तयार झालीत ती. त्यांचं काय?”

“विरून जातील,” नर्स म्हणाली.

घरी आली तर चुण्या जळून काळ्या पडल्या होत्या.

सासूबाई, दोन्या तुलिया, रविवारी चर्चमधून आल्या त्या खुशीतच. “देवानंच वाचवलं बाई! पोर काय बरणीत घालायचं लोणचं आहे?”

एरवी ओदिली चकार शब्द काढायची नाही. त्या दिवशी म्हणाली, “तुमचा लेक बरणीत घातला असता तर जरा मुरला तरी असता!” सासूबाई पुढं दोन महिने फिरकल्या नाहीत. तेवढीच काय ती कमाई.

ज्यांना परवडलं त्या बायका विमानानं कोलंबियाला गेल्या आणि पोरं घेऊन आल्या. बसवाल्याच्या बायकोनं कुठं जायचं? काही वर्षांनी एक वकीलबाई आली. परदेशातल्या मोठ्या कोर्टात दाद मागणार होते, त्यासाठी बायकांच्या हकिकती हव्या होत्या. ओदिलीनं भरभर सगळं सांगितलं. सहीची वेळ आली तसा एलादियो उठून उभा राहिला.

“माझं नाव नको. बसमधली माणसं उद्या तोंडावर विचारतील.”

“विचारू देत की!”

“तुला काय जातंय म्हणायला?”

तिनं एकटीनंच सही केली. पुढं एलादियो घर सोडून गेला आणि त्याला शेजारच्या एरेदियातल्या एका बाईपासून मुलगी झाली. सांगायला तो स्वतः आला. निळ्या दारात उभा राहून पोरासारखा रडला. ओदिलीनं आदळआपट केली नाही. “नाव काय ठेवलं?” एवढंच विचारलं. त्या आठवड्यात तिनं एक टाकासुद्धा घातला नाही.

मोठ्या कोर्टानं बंदी चुकीची ठरवली तेव्हा ती सेहेचाळीसची होती. त्यानंतरही आमच्या थोरामोठ्यांनी तीन-चार वर्षं चालढकल केली. त्यांना कसली घाई! वय काय त्यांचं सरत होतं? दारं उघडली तेव्हा ओदिलीची पन्नाशी आली होती. तिची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, शिलाई मशीनच्या खणात पडून होती. ती विचारायला गेलीच नाही. न विचारलं तर नाही म्हणणार कोण?

मग एका सकाळी चपलांच्या दुकानासमोर एक तरुण मुलगी भांबावून उभी दिसली. हातात चिठ्ठी. शेवटी ती निळ्या दाराशी आली.

“मावशी, मुलं होण्याचा दवाखाना कुठं हो? आत्यानं इथलाच पत्ता दिलाय.”

“तुझी आत्या कुठल्या जमान्यात राहते गं? आता ते सरकारी इस्पितळात असतं. नाव काय तुझं?”

“दायाना.”

“थांब, दायाना. मी येते.” ओदिलीनं खणातली पिशवी उचलली आणि दार ओढून घेतलं.

इस्पितळाच्या फाटकाशी काही माणसं या उपचाराविरुद्धचे फलक धरून, जपमाळ ओढत उभी होती. दायानाचे पाय अडखळले. “मावशी, ह्यांनी पुन्हा बंद पाडलं तर?”

“म्हणून तर गप्प बसायचं नाही. कुणी सही मागायला आलं की द्यायची. नवरा देवो न देवो. चल, मान वर कर.”

खिडकीतल्या मुलीनं दायानाचे कागद घेतले, मग पिशवीकडं बोट केलं. “तीही हिचीच फाइल ना? द्या इकडं. तुम्ही आई का हिच्या?”

ओदिलीनं पिशवीतली फाइल काढून खिडकीत ठेवली.

“नाही गं पोरी. फाइल माझीच आहे. माझा शुक्रवारचा नंबर होता. हिच्या आधी.”

मुलीनं फाइलवरची तारीख वाचली. मागं भिंतीवर वयाची पाटी होती, चाळीसपर्यंत. “काकू...” ती हळूच म्हणाली.

“माहीत आहे गं मला. तू नुसती ठेवून घे.”

मुलीनं फाइल घेतली, तीवर आजच्या तारखेचा शिक्का मारला आणि इतर फाइलींवर ठेवली. आतून दायानाचं नाव पुकारलं. तिची पर्स मांडीवर घेऊन ओदिली बाकावर बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, चारचौघांत, ढसाढसा रडली.